वेटिंग हॉलचा देवचार

आमच्या पेडणे तालुक्यात तेव्हा रेल्वे नव्हती. धारगळचा मुलगा रेल्वेत लागला म्हटल्यावर गावाला वाटलं, आता हा इंजिनात बसून शिटी मारणार. मी पहिल्या सुटीत घरी आलो तर शेजारचे काका पाटावरून उठून विचारायला आले, "काय रे, गाडी तूच चलयतंय?"

"नाही काका. पार्सल ऑफिसात आहे."

"म्हणजे?"

"लोकांचे फणस वजन करतो."

काका पुन्हा पाटावर जाऊन बसले. माझ्या नोकरीत गावाने घेतलेला रस तिथेच संपला.

माझं स्टेशन गोव्याच्या दुसऱ्या टोकाला होतं, घाटाच्या पायथ्याशी. छोट्या रुळांची जुनी लाइन. जमीन पोर्तुगीजांच्या अमलातली, लोखंड इंग्रजांचं आणि घाम आमच्या लोकांचा, असा तिचा जन्म. त्या स्टेशनचं नाव मी सांगत नाही, कारण सांगितलं तर तुम्ही बघायला जाल आणि तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही. का उरलेलं नाही, ते सांगायला तर बसलोय.

पहिल्या दिवशी हातात ट्रंक घेऊन मी वेटिंग हॉलच्या दारात उभा राहिलो आणि चपला काढल्या. आमच्याकडे एवढं उंच छप्पर एक तर देवळाला असतं, नाही तर इगर्जीला, म्हणजे चर्चला. दोन्हीकडे चपला बाहेर ठेवायची माझी सवय. आतून स्टेशनमास्तर ओरडले, "अहो, हे देऊळ नाही!" मी ओशाळून मागे वळलो तोवर एक चप्पल कुत्रं घेऊन गेलं होतं. रेल्वेच्या सेवेत मी असा एका चपलेवर रुजू झालो.

पण तुम्हीही काढल्या असत्या. सागवानी वाशांचं उंच छप्पर, वर मंगळुरी कौलं, खाली काळ्या-पांढऱ्या लाद्यांचा बुद्धिबळाचा पट. मधोमध बिडाच्या खांबांची रांग. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर नेच्याची पानं ओतलेली, इतकी हुबेहूब की पाली त्यांत लपायच्या. जनेलांवर, म्हणजे खिडक्यांवर, रंगीत काचांच्या अर्धकमानी. दुपारी तो रंग लाद्यांवर सरकत जायचा आणि झोपलेल्या उतारूंच्या तोंडांवर हिरवा-तांबडा पडायचा. खांब आतून पोकळ होते. छपरावरचं पावसाचं पाणी त्यांच्या पोटातून उतरून जमिनीखालच्या टाकीत जायचं. पावसाळ्यात खांबाला कान लावला की आत कुणीतरी गुणगुणतंय असं वाटे. आणि मे महिन्यात, बाहेर रूळ तापून वाकायला आलेले असताना, त्या हॉलमध्ये पंख्याशिवाय गार वाटायचं. पंखा नव्हताच. बांधणाऱ्याने तो भिंतींत आणि झरोक्यांत बांधून ठेवला होता.

तर असा हॉल पाडायचा ठरला.

रूळ रुंद होणार होते. व्हावेत, माझी तक्रार नव्हती. पण नवे रूळ हॉलच्या बाजूने जातच नव्हते! मास्तरांच्या मेजावर मी नकाशा पाहिला. हॉलच्या जागी स्कूटर ठेवायची शेड होती. मी मास्तरांना म्हटलं, "साहेब, ह्यात हॉल कुठे आहे?" ते म्हणाले, "नकाशात नाही म्हणजे नाही." "पण तो तर समोर उभा आहे!" "आता आहे. नकाशा पुढचा आहे." एवढा गार मनुष्य मी दुसरा पाहिला नाही, तोही त्या हॉलच्या गारव्याचाच गुण असावा.

मी अर्ज केले. त्यांचं काय झालं हे अर्ज करणाऱ्या कुठल्याही माणसाला ठाऊक आहे. मग मोठ्या लोकांना भेटलो. गोवा नुकतंच घटक राज्य झालेलं, गावोगाव मोठे लोक पावसातल्या अळंब्यांसारखे उगवलेले. त्यातले एक मला म्हणाले, "पोर्तुगीजांचं कसलं राखता हो? गेले ते."

"हे इंग्रजांनी बांधलंय."

"मग तर पाडायलाच पाहिजे."

मराठीवाल्यांकडे गेलो. मी मूळचा तिकडचाच. ते म्हणाले, "आधी मराठी वाचू दे, स्टेशनाचं मग बघू." कोंकणीवाल्या मित्राकडे गेलो. तो म्हणाला, "पयलीं भास, मागीर तुजें स्टेशन." राजभाषा मराठी की कोंकणी यावरून दोघांनी रस्ते अडवले होते, मोर्चे काढले होते, घरातल्या घरात बोलणं टाकलं होतं. स्टेशनाच्या पाटीवर नाव कुठल्या वळणाने लिहायचं यावरून दोघे तावातावाने भांडायचे. ती पाटी जिच्यावर ठोकलेली, ती भिंत पडतेय हे मात्र दोघांच्याही गावी नव्हतं. मी तळतळत घरी यायचो आणि बायकोवर ओरडायचो. ती शांतपणे म्हणायची, "माझ्यार कित्याक बोबाटतात? मी पाडतंय काय स्टेशन?"

मग चतुर्थीला गावी जाताना मला युक्ती सुचली, आणि माझ्या युक्त्यांचा आजवरचा लौकिक बघता मी तिथेच बसमधून उडी मारायला हवी होती. धारगळच्या अलीकडे हमरस्ता रुंद केलेला. सरळ आलेला रस्ता एका ठिकाणी उगाच पोट काढून वळसा घेत होता. शेजारच्या उतारूने खिडकीतून हात जोडले. तिथे देवचाराचा दगड होता. देवचार म्हणजे आमच्याकडचा सीमेचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, तोंडात विडी घेऊन तो गावाची हद्द फिरतो. त्याच्या जागेला कोणी हात लावत नाही. इंजिनीअर, मंत्री, बुलडोझर, कोणीही नाही. राष्ट्रीय महामार्ग वाकतो!

मी मनात म्हटलं, जो महामार्ग वाकवतो त्याला स्कूटरची शेड काय जड आहे?

दगड घरातच होता. बायकोचं माहेर नार्वे. तिथल्या नदीकाठच्या शेतातून आणलेला, वाटोळा, गुळगुळीत, मिठाच्या पाण्यातल्या चेपणीच्या आंब्यांवर दाबायला ठेवायचा. तो मी पार्सलच्या पोत्यात घालून नेला. सकाळची पॅसेंजर गेली, हमाल जेवायला गेले, मास्तर खुर्चीत पेंगू लागले, तेव्हा मधल्या खांबाच्या पायथ्याशी दगड ठेवला. तेल लावलं, शेंदूर लावला, एक जास्वंद आणि एक विडी ठेवली. मग पार्सल ऑफिसात जाऊन एका करंड्यावर लेबल चिकटवत बसलो.

घरी बायकोने विचारलं, "आंब्यांवयलो फातर खंय गेलो?"

सांगावं लागलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अवो, त्या देवाक मिठाचो वास येतलो!"

आला नाही. म्हणजे आला असेल, पण भक्तांना तो उदबत्तीचा वाटला. दोन दिवसांत तिथे नारळ आला. मग फेणीची चपटी बाटली आली, रोट आला, कुणीतरी कोरी घोंगडी आणून ठेवली. हमालांपैकी एकाने सांगितलं की त्याच्या आज्याने ह्याच खांबाशी देवचाराला विडी ओढताना पाहिलं होतं. दुसऱ्याने विडीचा ब्रँड सांगितला. शनिवारी मास्तर बूट काढून हात जोडताना दिसले. मला म्हणाले, "तुम्ही पहिल्या दिवशी चपला काढल्या होत्या. तुम्हाला तेव्हाच जाणवलं असणार." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

लाइन बंद झाली. गाड्या थांबल्या, रूळ उखडू लागले, आणि एक दिवस जीपमधून कंत्राटदार उतरला. डिचोलीचा होता, आधी खाणीवर ट्रक चालवायचा, आता इमारती पाडायचा आणि बांधायचा. धिप्पाड, कपाळावर गंध, बोटांत अंगठ्या. सोबत बेळगावकडचा मुकादम आणि त्याची माणसं, पहारी-घणांसकट. कंत्राटदार तरातरा हॉलमध्ये शिरला, दगड बघितला आणि जागच्या जागी थांबला. चपला काढल्या.

"हय देव आसा हें माका कोणेंच कशें सांगूंक ना?"

मुकादमाने तर पहार खालीच ठेवली. "मालक, देवाच्या जाग्याला आपन हात लावनार न्हाई. आमच्यात एकाचा हात गेलाय असा."

"कसा?" मी उत्साहाने विचारलं.

"पहारच लागली ओ त्याला. पन देवाच्याच जाग्यात लागली."

मी आनंदाने खांबाला टेकलो. महामार्ग वाकला होता! आता नकाशा वाकणार, मास्तर वाकणार, ते मोठे लोक वाकणार. तेवढ्यात कंत्राटदार म्हणाला, "बरें. गाराणें घालूंया आनी कौल घेवया. देवाक विचारल्याबगर कांय करूंक नजो."

आणि मला कळलं की मी किती मोठा गाढव आहे. आमचा देव अडवतो, हे मला आठवलं होतं. आमचा देव विचारलं की सोडतोही, हे मी साफ विसरलो होतो. पेडण्यात जन्मलेला मी! विहीर खणायची, झाड तोडायचं, सून आणायची, सगळ्याला आम्ही देवाला ओल्या पाकळ्या लावतो, कुठली आधी पडते तो त्याचा कौल मानतो आणि बहुतेक वेळा देव आमच्या सोयीचंच बोलतो.

"गाराणें कोण घालतलो?" कंत्राटदाराने विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. हमालांनीही केलं. "पार्सलबाब घालतले. पेडण्याचे ते. तांकां येता."

आता मी काय करावं? ज्या हॉलसाठी देव बसवला, तो हॉल पाडायची परवानगी त्या देवाकडे मीच मागायची! पण लगेच डोक्यात दुसरा किडा वळवळला. कौल माझ्या हातात असेल तर उत्तरही माझ्या हातात. "हात धुऊन येतो," म्हणून पार्सल ऑफिसात गेलो आणि लेबलं चिकटवायच्या डिंकाच्या बाटलीत बोट बुडवून आलो.

दुसऱ्या दिवसावर न ढकलता, तिथेच, उखडलेल्या रुळांच्या आवाजात मी गाराणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले. हॉल घुमला. एवढा सुंदर तो कधीच घुमला नव्हता.

"ही तुझी जागा मोडूची असा म्हणतत. तुझ्या मनात आसात तर उजवो कौल दी. नसात तर डावो दी, आणि ज्यांच्या मनात आला त्यांका बुद्धी दी!"

"होय म्हाराजा!" कंत्राटदार सगळ्यांत मोठ्याने.

उजवीकडची पाकळी मी डिंकाने लावली, डावीकडची नुसत्या पाण्याने. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रेल्वेचा डिंक म्हणजे काय ते मला माहीत होतं. पार्सल मद्रासला जाऊन फुटायचं, लेबल सुटायचं नाही. झरोक्यातून वारा आला. डावी पाकळी सुटली आणि लादीवर पडली.

माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं भक्तीने.

कंत्राटदाराने खाली वाकून ती पाकळी कपाळाला लावली. "देव जिवो आसा," तो म्हणाला. "ना म्हणटा म्हणजे तो कांय तरी मागता. भुरग्यांभाशेन. विचारूंया कितें जाय तें." आणि त्याने स्वतः एक नवी पाकळी पाण्यात बुडवून डावीकडे लावली. उजवी होती तिथेच होती. ती कशाला काढायची? "म्हाराजा, हंगाच रावपाचें आसल्यार उजवी दी. नवी देवळी जाय जाल्यार डावी दी."

"अहो!" मी ओरडलो. "राहायचं तर उजवी आणि नवी देवळी हवी तर डावी? असं उलटं विचारत नाहीत! उजवी म्हणजे होय, डावी म्हणजे नाही!"

"पार्सलबाब," तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "देवाक कितें उजवें आनी कितें डावें? दोनूय हात ताचेच."

आता सांगा, मी काय बोलणार होतो? उजवी पडूच शकत नाही, तिला डिंक आहे? मुकादमाच्या माणसांनी मला तिथेच पहारीने सरळ केलं असतं. मी उजव्या पाकळीकडे बघत होतो. पड ग बये, पड. ती कसली पडते! त्या दिवशी रेल्वेचं एवढं एकच काम चोख झालं. वारा आला, डावी पडली, आणि "होय म्हाराजा" असा गजर झाला. त्या झरोक्यातूनच आलेल्या वाऱ्याने तो हॉल मारला.

"देवान नवी देवळी मागली!" कंत्राटदाराने हात जोडले. "माझ्या खर्चान बांदतां. टायल्स लायतां."

मग जे झालं ते बघायला मी तिथेच होतो, कारण माझं बसायचं ऑफिस सगळ्यांत शेवटी पाडलं. रंगीत काचा काढायला कोणी शिडीसुद्धा लावली नाही, खालून दगड मारले. कौलं ढकलली. वासे ट्रकमध्ये गेले. खांबांना गॅस कटर लावला तेव्हा नेच्याच्या पानांवरून ठिणग्या पडत होत्या आणि पोटातलं जुनं पाणी पायथ्याशी ओघळत होतं. मी कंत्राटदाराला म्हटलं, "निदान एक खांब ठेवा. देवळीला लावा." तो हसला. "पार्सलबाब, देवळीक लोखंडाचो खांब? देवाचें काम तें. आर.सी.सी. करतां."

मी विचारतो, पाडणाऱ्यांना नव्हे, बघणाऱ्यांना विचारतो. शेंदूर लावलेल्या दगडापुढे तुमचे गुडघे टेकतात, ठीक आहे, माझेही टेकतात. पण माणसांनी हाताने एवढं देखणं उभं केलं, ऊन-पावसात तुमच्या आज्या-पणज्यांना निवारा दिला, त्यापुढे तुमची मान नुसती वळतसुद्धा नाही? मुंबई-पुण्याचे लोक म्हणतील, आमच्याकडे कायदे आहेत, समित्या आहेत. असतील. आमच्याकडे देवचार होता, आणि मी त्यालाही कामाला लावून बघितलं.

मुकादम एकदा घाम पुसत माझ्याजवळ बसला. त्याची माणसं रोज दुपारी हॉलच्या उरलेल्या अर्ध्या भागात झोपत. "गार हाय ओ इथं," तो म्हणाला. "म्हनून हे मागं ठेवलंय."

"मग पाडताय कशाला?"

"पाडायलाच आनलंय न्हवं आमाला?" त्याच्यावर मला रागावता आलं नाही. माझा राग वरच्यांवर होता आणि वरचे कधी दुपारी स्टेशनवर झोपायला येत नाहीत.

रुंद रुळांवरची पहिली गाडी आली त्या दिवशी मी आणि बायको गावी निघालो होतो. नवं स्टेशन म्हणजे सिमेंटचा खोका, वर पत्रा. पत्र्याखाली उभं राहिलं की भाकरीची दुसरी बाजू कशी भाजते ते समजायचं. स्कूटरच्या शेडमध्ये एक स्कूटर होती, मास्तरांची. आणि फलाटाच्या टोकाला देवळी! बाथरूमच्या गुलाबी टायल्स, सरकता लोखंडी दरवाजा, आत ट्यूबलाइट, आणि तिच्या उजेडात माझ्या आंब्यांवरचा दगड चांदीचे डोळे लावून बसलेला. सगळे उतारू बोचकी घेऊन तिच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसले होते, कारण साऱ्या स्टेशनात सावली तेवढीच होती.

एक म्हातारी पदराने वारा घेत म्हणाली, "देवाच्या कृपेन हंगा मातशी सावळी आसा."

माझ्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

"देवाच्या कृपेने?" मी ओरडलो. "अख्खा हॉल होता इथे! तुमच्या बापजाद्यांना पुरेल एवढी सावली होती! ती मोडून शेड बांधली तेव्हा कुठे होता सगळे?" आवाज चिरकत होता, अंग थरथरत होतं. बायकोने बाही ओढली. "अवो, पुरे. लोक बघतत."

लोक बघत होते खरे. ती म्हातारी उठली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "भार आयला गे बाये," ती शेजारणीला म्हणाली. "देवचाराचो भार आयला अंगार." आणि पायऱ्यांवरचे सगळे उठले.

"मूर्खांनो, माझ्या अंगात काही आलेलं नाही!"

"होय म्हाराजा!"

"हा दगड देव नाही! आंबे चेपायचा दगड आहे हा, हिला विचारा!"

"होय म्हाराजा!" कुणीतरी माझ्या पायांवर पाणी ओतलं. बायकोने तोंडात पदर कोंबला होता. ती हसत होती की रडत होती, देव जाणे, म्हणजे तोच दगड जाणे.

आता ऐकतच आहेत तर मी सोडतो कशाला? मी सगळं बोललो. खांब बोललो, काचा बोललो, नकाशा बोललो, भाषेसाठी डोकी फोडणाऱ्यांना आणि भिंतीकडे पाठ करणाऱ्यांना बोललो. "परत बांधा तो हॉल! होता तसा!" इतक्या वर्षांत माझ्या एका अर्जाला उत्तर आलं नव्हतं, इथे प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" मिळत होतं.

तेवढ्यात लांब शिटी झाली. गाडी वळणावर दिसली. माझ्या भक्तांची चुळबुळ सुरू झाली. एक डोळा माझ्यावर, एक बोचक्यावर. गाडी थांबली तरी देवाच्या परवानगीशिवाय हलायची कुणाची छाती नव्हती. शेवटी ती म्हातारीच पुढे झाली, खाली वाकून हळूच म्हणाली, "म्हाराजा, गाडी आयली. थोडो वेळ रावता ती. आमी चडूं मूं?"

हॉल परत बांधून दिल्याशिवाय एकानेही चढायचं नाही, असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण जन्म रेल्वेत गेला. गाडी उभी आणि उतारू खाली, हे मला बघवत नाही.

"चढा," मी म्हटलं. "पोरांना आधी चढवा."

"होय म्हाराजा!" म्हणत सगळे धावले. आम्ही दोघं शेवटी चढलो. आम्हाला जागा मिळाली नाही.